मुलीच्या शिक्षणाला तारण कशाचं?

(देवळा येथे परिसरातील महिला मंडळे व बचतगटांच्या कार्यकर्त्यांचे एक दिवसाचे शिबिर झाले. त्यात ‘मुलींचे परदेशातील तांत्रिक शिक्षण’ या विषयावर एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. चर्चेत आलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत. – संपादक)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेवर हा विषय वाचून काहीजणींना नवल वाटलं असेल. सकाळच्या सत्रात आपण टाकलेल्या बायकांच्या पोटगीबद्दल बोललो, रेशनकार्डांबद्दल बोललो, आणि दुपारी एकदम परदेशातलं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग! ‘हे शहरातल्या पैसेवाल्या मुलींचं काम, आपला काय संबंध?’ असं कोणी मनात म्हटलं असेल तर तिला मी दोष देणार नाही. पण संघटनेच्या कार्यकर्त्या सांगतात की अलीकडे आया एक नवाच प्रश्न घेऊन येतात. मुलगी नाशिकला राहून बी. ई. सिव्हिल झाली. आता म्हणते, बाहेर जाऊन एम. एस. करते. काय करायचं?

हा प्रश्न हवेतून आलेला नाही. आपल्याकडे घरातल्या शिक्षणाची वाटणी ठरलेली असायची. मुलाला इंजिनिअरिंग, मुलीला डी. एड. किंवा बी. ए. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पदवीपर्यंतचा रस्ता थोडा रुंद झाला की पुढच्या रस्त्याचा प्रश्न येणारच. तो आला आहे आणि त्याचं उत्तर द्यायला आपण तयार असायला हवं.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. या मुलींचं गणित पक्कं असतं. त्या अडतात सातबाऱ्यावर. ते कसं, हे सांगण्याआधी हे शिक्षण कशाचं असतं ते थोडं पाहू.

वजनाची वाट

घरात खोल्या कुठे, खिडक्या कुठे हे आर्किटेक्ट ठरवतो. स्लॅब किती जाड, तुळईत लोखंड किती, खांब कुठे आणि पाया किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. पूल, पाण्याची टाकी, कांद्याचं मोठं गोदाम, सगळ्याला तेच शास्त्र. त्याचं मूळ एका वाक्यात सांगता येतं. वजन शेवटी जमिनीत पोचलं पाहिजे. स्लॅबचं वजन तुळईवर, तुळईचं खांबावर, खांबाचं पायावर, पायाचं जमिनीवर. या वाटेत एक दुवा कच्चा राहिला तर बाकीचे दुवे कितीही मजबूत असोत, उपयोग नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वाहणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मान जरा वाकडी झाली की वजन कुठे जातं ते तिच्या कमरेला कळतं.

म्हणजे बांधकामावर बायका नाहीत असं नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या बायका नाशिकच्या नाक्यांवर सकाळी कामासाठी उभ्या असतात. त्या खडी वाहतात, विटा देतात, गवंड्याच्या हाताखाली आयुष्य काढतात. पण त्यांना गवंडी म्हणून कोणी नेमत नाही. आणि जिथे कागदावर लोखंड किती ते ठरतं, तिथे तर बाई फारच क्वचित दिसते. वजन उचलणं बाईकडे आणि वजन कुठे न्यायचं हे ठरवणं पुरुषाकडे, ही वाटणी आपल्याला दुसऱ्याही अनेक ठिकाणी दिसते.

हे ठरवणाऱ्यांत बाई असली-नसली तर काय फरक पडतो? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमाराला, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन थर, मध्ये माती-दगडांची भर आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला तसे थर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर कोसळले. सरकारी नकाशात तो भाग तेव्हा भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला आणि सगळ्यात खालचा पट्टाच रद्द झाला.

त्यानंतर जे झालं ते आपल्या चळवळीने विसरू नये. नव्या घरांच्या आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने शेकडो गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. भिंतीला आरपार दगड कसा बसवायचा, कोपरा कसा बांधायचा, माळवदाचं ओझं कसं कमी करायचं, हे त्या शिकल्या आणि गावाला समजावून सांगू लागल्या. पुढे २००१ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये तिथल्या बायकांना सांगायला गेल्या. बाईला हे शास्त्र समजतं का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलेलं आहे. आपल्या शेजारी, कळवण तालुक्यात दळवटच्या बाजूला अधूनमधून लहान धक्के बसतात आणि नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेत त्यांची नोंद होते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हा विषय दूरचा नाही.

आधी गेलेल्या

१८८३ साल. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्रुकलिनचा प्रचंड पूल मे महिन्यात खुला झाला. त्याचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग पायाच्या कामात आजारी पडून अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको एमिली हिने वर्षानुवर्षं त्याच्या सूचना कामावर पोचवल्या, त्यासाठी स्वतः ते शास्त्र शिकली आणि काम तडीला नेलं. पदवी नाही, हुद्दा नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आपली आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली आणि फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेली. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली.

त्या देशातही वाट मोकळी नव्हती. नोरा स्टॅन्टन ब्लॅच १९०५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअर झाली. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टॅन्टनची ही नात. सिव्हिल इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेने तिला कनिष्ठ सभासद करून घेतलं, पण पुढची पायरी नाकारली. १९१६ मध्ये ती कोर्टात गेली आणि हरली. त्याच संस्थेने तिला मानाचं सभासदत्व दिलं ते २०१५ मध्ये. ती जाऊन तोवर चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे येऊ. शकुंतला जोशी, लग्नानंतरच्या शकुंतला भगत, जन्म १९३३. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ मध्ये त्या सिव्हिल इंजिनिअर झाल्या. त्यांना भारतातल्या पहिल्या स्त्री सिव्हिल इंजिनिअर म्हणायची पद्धत आहे. पण मद्रासच्या गिंडी कॉलेजातून पी. के. थ्रेसिया त्यांच्याआधी सिव्हिलच्या पदवीधर झाल्या होत्या, आणि १९७१ मध्ये केरळच्या बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. पहिली कोण हा वाद आपण बाजूला ठेवू. शकुंतलाबाई पुढे शिकायला अमेरिकेला गेल्या आणि १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून सिव्हिल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी घेतली. हे विद्यापीठ फिलाडेल्फियाचंच, आनंदीबाईंच्या गावचं. परत येऊन आयआयटी मुंबईत शिकवलं. १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली.

त्यांनी काय केलं ते पाहा. पुलाचे सुटे, ठराविक मापाचे पोलादी भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे. लांबी-रुंदी बदलली तरी भाग तेच. जोडासाठी त्यांनी स्वतःचा वेगळा सांधा शोधून काढला होता. जिथे मोठी यंत्रं पोचत नाहीत अशा डोंगराळ भागाला हे फार सोयीचं. १९७२ मध्ये हिमाचलात स्पितीला त्यांचे पूल उभे राहिले. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत एकोणसत्तर पूल झाले. पद्धत नवी म्हणून सरकारी खाती सुरुवातीला पैसा घालायला कचरत होती, तेव्हा या दोघांनी स्वतःची बचत त्यात घातली.

शकुंतलाबाईंबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांची गोष्ट आपल्या मुलींना सांगताना तिचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे देशातले नावाजलेले पूल-इंजिनिअर. घरात पुलांच्या गप्पा होत्या, मुंबईत घर होतं, मुलीने हे शिकू नये असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. आनंदीबाईंच्या मागे गोपाळरावांचा हट्ट होता. एमिली तर नवऱ्याच्याच जागी उभी राहिली. यांच्या कर्तृत्वाला त्याने काही कमी येत नाही. पण वडील नाहीतर नवरा त्याच धंद्यातला किंवा त्याच ध्यासाचा असला तरच वाट उघडणार, असं किती दिवस चालायचं? कांदा उत्पादकाच्या मुलीने काय करायचं?

तिकडे काय असतं

मी स्वतः अमेरिकेत या विषयात एम. एस. केलं, म्हणून थोडं अनुभवाचं सांगते. अभ्यास दीड ते दोन वर्षांचा. भूकंपात किंवा वाऱ्यात इमारत कशी हलते त्याचं गणित, पोलाद, काँक्रीट, कॉम्प्युटरवर रचनेचं बारीक विश्लेषण. प्रयोगशाळा मोठ्या असतात. हलणाऱ्या टेबलावर छोटी इमारत उभी करून तिला खोटा भूकंप देतात आणि ती कुठे तुटते ते पाहतात. आपण घातलेली तुळई आपल्यासमोर मोडते तेव्हा जे कळतं ते फळ्यावरून कळत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. नियमांची पुस्तकं तिथे अमेरिकन किंवा युरोपियन शिकवतात. परत आल्यावर आपले आयएस ४५६, आयएस १८९३ पुन्हा बसून वाचावे लागतात. मूळ शास्त्र एकच असल्यामुळे ते जड जात नाही.

राहणं साधं असतं. तीन-चार मुली मिळून घर घेतात, पाळीपाळीने स्वयंपाक करतात. अमेरिकेत विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येतं. लायब्ररीत, खाणावळीत, प्रयोगशाळेत. प्राध्यापकाच्या संशोधनात काम मिळालं तर फी कमी होते, पण ते मास्टर्सच्या मुलांना मिळेलच असं धरून चालू नये. रात्री अकराला प्रयोगशाळेतून एकटी चालत घरी येणं आणि त्याबद्दल कोणी जाब न विचारणं, हाही एक अभ्यासच होता. तिथेही वर्गात मुली थोड्याच होत्या, हेही सांगते.

आता खर्च. अमेरिकेत फी आणि राहणं धरून तीस-चाळीस लाख सहज होतात, नामवंत खाजगी विद्यापीठात त्याहून अधिक. इंग्लंडमध्ये पदवी एका वर्षात होते म्हणून राहण्याचा खर्च वाचतो, फी मात्र भरपूर. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, पण काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना ती लावली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात. परीक्षा, अर्ज, व्हिसा यांचे पैसे वेगळे. व्हिसाचे आणि नंतरच्या नोकरीचे नियम सरकार बदलेल तसे बदलतात. ‘नोकरी लागणारच’ असं सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका.

तारण

आता मूळ मुद्द्यावर येते. शिबिराला येण्याआधी याच भागातली एक मुलगी मला भेटली. सिव्हिलला उत्तम गुण, परदेशी विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र हातात. घरी चार एकर बागायत, कांदा आणि डाळिंब. गावात घर. वडील तयार. ती बँकेत गेली आणि हात हलवत परत आली. असं का झालं?

शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. परदेशी शिक्षण त्यात बसत नाही, म्हणजे तारण हवंच. वडिलांनी सातबारा पुढे केला. बँक म्हणाली, शेतजमीन चालत नाही. यात मॅनेजरचा खडूसपणा नाही, त्याला कारण आहे. कर्ज बुडालं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. ते शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे अशा कर्जाला बँका शेतजमीन घेत नाहीत, त्यांना बिगरशेती मिळकत लागते. मग गावठाणातलं घर? ते अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. वारस म्हणून वडील, दोन काका आणि तीन आत्या. सगळ्यांच्या सह्या आणायच्या तर एक काका म्हणतात, ‘पोरीच्या शिक्षणासाठी वाडवडिलांचं घर गहाण?’ नाशिकला एक फ्लॅट असलेल्या नोकरदाराच्या मुलीला जे पंधरा दिवसांत होतं, ते चार एकर बागायतीच्या मुलीला होत नाही. भूमिहीन मजुराच्या मुलीची तर गोष्टच सोडा.

आणि आई? तिच्या नावावर काय आहे? मलाही माझ्या वेळी बँकेत हाच प्रश्न विचारला गेला होता. आईच्या नावावर काही नव्हतं. तिने जन्मभर राबून उभ्या केलेल्या घराच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. शेवटी मामांनी त्यांचा फ्लॅट तारण दिला म्हणून मी जाऊ शकले. मामा नसते तर?

इथून जवळ चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. तुमच्यापैकी काहीजणी, नाहीतर तुमच्या आया-सासवा तिथे गेल्या असतील. त्याच चळवळीतून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम निघाला. नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. आपण तेव्हा म्हणत होतो, टाकलेल्या बाईला आसरा हवा, विधवेला कोणी हाकलू नये. तो मुद्दा आजही खराच आहे. त्यात मला एका मुद्द्याची भर घालायची आहे. ज्या आईच्या नावावर मिळकत असते, ती मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत स्वतः सही करू शकते. तिला दिराची परवानगी लागत नाही. वजनाच्या वाटेतला हा दुवा आपल्याकडे कच्चा राहिला आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी घराघरात काय होतं? लग्नानंतर भाऊ साडी घेऊन येतो आणि बहीण हक्कसोड पत्रावर सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते, हे मला कळतं. पण त्या सहीबरोबर तिच्या मुलीचं तारणही जातं, हे तिला कोणी सांगत नाही.

लग्नाचं वेळापत्रक

दुसरी अडचण वयाची. बी. ई. होईपर्यंत मुलगी बावीस वर्षांची होते. एम. एस. म्हणजे आणखी दोन वर्षं, आधी तयारीचं एक. घरातल्यांच्या डोळ्यासमोर पंचवीस हा आकडा नाचायला लागतो.

गंमत बघा. हीच मुलगी अमेरिकेतल्या नवऱ्याशी लग्न करून जाणार असेल तर सगळा गाव बोळवायला येतो. तिकडे एकटी कशी राहील, थंडी कशी सोसेल, कोणी विचारत नाही. लग्नाला पंधरा-वीस लाख खर्च होतात, ते उसने मिळतात, त्याला तारण मागत नाहीत. तिथे गेल्यावर ती नवऱ्याच्या व्हिसावर. अशा बायकांना नोकरीची परवानगी अनेकदा नसते. २०१५ पासून काहींना मिळू लागली, पण नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचलेला असेल तरच. म्हणजे इंजिनिअर मुलगी घरात बसून आणि सगळी कागदपत्रं नवऱ्यावर अवलंबून. परदेशातल्या नवऱ्याने टाकून दिलेल्या मुलींच्या केसेस आपल्यातल्या कितीतरी संघटनांकडे आल्या आहेत. स्वतःच्या व्हिसावर शिकायला गेलेली मुलगी आणि नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली मुलगी, यांत जास्त सुरक्षित कोण, याचा हिशेब आईबापांनी एकदा मांडून पाहावा.

आपण काय करायचं

पहिलं, कागद. २००३ च्या ‘घर दोघांचे’ मोहिमेनुसार गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे लागू शकतं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा आणि आपलं नाव आहे का बघा. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळत आहेत. त्यात बाईचं नाव लागतंय की नाही, हे आत्ताच बघायचं. वारसनोंदी वेळेत करून घ्या. आणि हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी प्रत्येक बाईने संघटनेत येऊन एकदा बोलावं, असा ठराव आपल्या गावात करा.

दुसरं, शिष्यवृत्त्या. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला पाठवलं. बाबासाहेबांना बँकेने तारण मागितलं असतं तर? गरिबाच्या मुलाला तारण समाजाने, राज्याने द्यायचं असतं, हा त्याचा अर्थ. आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ७५ जागा, त्यांत ३० टक्के मुलींसाठी. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची. ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. आदिवासी, ओबीसी आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. प्रत्येकीला उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट आणि अर्जाची ठराविक मुदत. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसल्यामुळे मुली बाद होतात. हे दाखले मुलगी तिसऱ्या वर्षाला असतानाच तयार ठेवायचे. तालुक्यात दोन कार्यकर्त्यांनी एवढंच काम अंगावर घेतलं तरी पुष्कळ होईल. यांशिवाय जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ मदत देते. अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा ही डॉक्टर बाई होती.

तिसरं, बँक. काही ठराविक विद्यापीठांसाठी काही बँका विनातारण कर्ज देतात, ती यादी विचारा. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात, तीही विचारा. नकार दिला तर तो लेखी मागा. आणि ‘पीएम विद्यालक्ष्मी’ ही २०२४ ची योजना देशातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. त्यावर भरवसा ठेवून वेळ घालवू नका.

आणि हेही सांगते. परदेश ही एक वाट आहे, एकमेव नाही. गेट परीक्षा देऊन आयआयटी, एनआयटीत एम. टेक. केलं तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं आणि तारण काही लागत नाही. रुरकीला १९६० पासून भूकंप इंजिनिअरिंग शिकवतात. मुलीने दोन्ही वाटा बघाव्यात आणि स्वतः निवडावं. निवड तिची असावी, एवढंच आपलं म्हणणं.

चर्चेतून

एका आजींनी विचारलं: ‘इतली शिकनी ते तिनासंगे लगीन कोन करी?’

आजी, हाच प्रश्न आनंदीबाईच्या काळी सातवी शिकलेल्या मुलीबद्दल विचारत होते. लग्न व्हायचं ते होतं. ज्याला बायकोच्या शिक्षणाची भीती वाटते तो जावई नाही मिळाला तर आपलं काही बिघडत नाही.

‘मुलगी तिकडेच राहिली, तर आमचं म्हातारपणी काय?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, मावशी. काहीजणी तिकडे राहतात, खरं आहे. पण मुलगा परदेशी राहिला तर आपण अभिमानाने सांगतो. मुलीला हा प्रश्न आधी आणि मुलाला नंतर, असं नको. घरातच आधी बोला. कर्ज कोण फेडणार, आईबापांकडे कोण बघणार, हे मुलगा-मुलगी दोघांना समोर बसवून ठरवा.

‘कर्ज फिटलं नाही तर घर जाईल ना?’

जाऊ शकतं. म्हणून घर तारण ठेवताना सगळा हिशेब आईला समजला पाहिजे. व्याज कधी सुरू होतं, हप्ता किती, शिक्षण संपल्यावर किती दिवसांनी. नमुना योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत असते आणि फेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत. नोकरी इथेच लागली तर पगार रुपयांत मिळेल, तेव्हा हप्ता झेपेल का, हेही आत्ताच मांडून बघा. न झेपणारं कर्ज घेऊ नका, असंच मी सांगेन.

‘त्या मुलीचं काय झालं?’

अजून काही झालेलं नाही. प्रवेशाची मुदत वाढवून मागितली आहे. गावातल्या घराची वारसनोंद सुरू केली आहे. तिच्या तीन आत्यांपैकी दोघी आज इथे बसल्या आहेत. तिसरीला भेटायला आपल्यातल्या चौघी येत्या रविवारी जाणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी नाव द्या.